कॅनव्हास केवढा घ्यायचा? आधी पडदा भागून बघा

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. सुट्टीत गोडो इंजिनवर (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर) एक छोटा गेम करतोय. एक मावळा गड चढतो, वाटेत चौक्या लागतात, भेटणारी माणसं मराठीत बोलतात. चित्रांचं काम माझ्याकडे आहे. क्वालिटी चांगली यावी म्हणून एसप्राइट या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १०००×१००० चा कॅनव्हास घेतला आणि १० पिक्सेलच्या ब्रशने मावळा काढला. गेममध्ये टाकला तर तो धूसर दिसतो. डावीकडे वळला की जागच्या जागी किंचित उडी मारतो. जमिनीच्या टाइल्समध्ये (जोडून जमीन करायच्या चौकोनी तुकड्यांमध्ये) चालताना बारीक रेघा चमकतात. ग्रिड लावून पाहिली, पण चित्राशी जुळत नाही. पुढे एक वाडा तिरका, वरून पाहिल्यासारखा दाखवायचा आहे आणि शेवटी षटकोनी घरांचा नकाशा हवा आहे. कॅनव्हास नेमका केवढा घ्यायचा आणि कुठे कुठली ग्रिड लावायची?
— कराडहून एक वाचक

उत्तर:

तक्रारी चार दिसत असल्या तरी दुखणं एकच आहे: कुठेतरी भाग निःशेष जात नाही. मॉनिटरला गेमच्या पडद्याने भागा, टाइलशीटला (सगळ्या टाइल्स मांडलेल्या एका चित्राला) टाइलने भागा, पात्राच्या रुंदीला दोनाने भागा. जिथे बाकी उरते, तिथे धूसरपणा, उडी किंवा रेघ दिसते. म्हणून कॅनव्हासचा आकडा चित्राकडून ठरवायचा नसतो. तो शेवटाकडून, म्हणजे गेम ज्या पडद्यावर दिसणार त्याच्याकडून मागे मागे येत ठरवायचा.

आधी त्या १००० च्या कॅनव्हासचं बघू. फोटोत पिक्सेल जास्त तेवढं चित्र चांगलं, हा हिशोब इथे उलटा आहे. पिक्सेल आर्टमध्ये एक पिक्सेल म्हणजे मॅटीच्या कापडावरचा एक टाका. तुम्ही १० पिक्सेलचा ब्रश वापरलात तेव्हा तुमचा टाका १०×१० चा झाला, म्हणजे खरं चित्र १००×१०० चंच आहे. पण मॅटीवर अर्धं घर सोडून टाका घालता येत नाही, मोठ्या कॅनव्हासवर मात्र तो सहज घातला जातो. एक ठोकळा ३० व्या पिक्सेलवर सुरू होतो, शेजारचा ४३ व्या. डोळ्याला ते लगेच कळत नाही; ग्रिड लावली की कळतं. तुमची ग्रिड जुळत नाही ती ग्रिड चुकीची म्हणून नव्हे, ठोकळेच जागेवर नाहीत म्हणून.

हे चित्र वाचेल का, ते दहा मिनिटांत तपासता येतं. एसप्राइटमध्ये 'व्ह्यू' मेन्यूत 'ग्रिड', त्यात 'ग्रिड सेटिंग्ज' उघडा. रुंदी-उंची १०×१० आणि एक्स, वाय शून्य ठेवा. ४०० टक्के झूम करून कडा बघा. सगळे ठोकळे रेषांवर बसत असतील तर 'स्प्राइट' मेन्यूतलं 'स्प्राइट साइझ' घ्या, १० टक्के लिहा, पद्धत 'निअरेस्ट-नेबर' (रंग न मिसळणारी) निवडा. चित्र स्वच्छ १००×१०० होईल. सगळेच ठोकळे एकाच मापाने सरकलेले असतील, समजा ३ उजवीकडे आणि ७ खाली, तर 'कॅनव्हास साइझ'मध्ये डावीकडून ३ आणि वरून ७ पिक्सेल कापा. मग उजवीकडून ७ आणि खालून ३ कापा. उरलेल्या ९९०×९९० चं १० टक्क्यांनी ९९×९९ होईल. पण प्रत्येक ठोकळ्याची सरक वेगळी असेल तर वाचवायच्या फंदात पडू नका. मावळा नव्याने छोट्या कॅनव्हासवर काढायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ या डागडुजीत जातो.

'स्प्राइट साइझ' आणि 'कॅनव्हास साइझ' ही नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. पहिल्याने चित्रच लहानमोठं होतं. दुसऱ्याने चित्र तसंच राहतं आणि भोवतीचा कागद वाढतो किंवा कापला जातो. काम चालू असताना बहुतेक वेळा दुसराच पर्याय हवा असतो. आणि डीपीआयची, म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके याची, काळजी करू नका. पडद्यावरच्या गेममध्ये ३०० लिहिलं काय नि ७२ लिहिलं काय, एकही पिक्सेल वाढत नाही.

आता पडदा. सोयीचा पाया म्हणजे ३२०×१८०. त्याची ४ पट १२८०×७२०, ६ पट १९२०×१०८०, ८ पट २५६०×१४४० आणि १२ पट ३८४०×२१६०. म्हणजे १६:९ च्या नेहमीच्या सगळ्या पडद्यांवर तो पूर्ण पटीत बसतो. ६४०×३६० चंही तसंच: २, ३, ४ आणि ६ पट. पुष्कळ जणांना ४८०×२७० मोहात पाडतो, कारण फुल एचडीवर तो नेमका ४ पट होतो. पण ७२० च्या पडद्यावर हिशोब २.६७ पट येतो. मग काही पिक्सेल तीन रुंद होतात, काही दोन, आणि मावळ्याचा एक डोळा दुसऱ्याहून मोठा दिसतो.

कॉलेजात निम्म्या लॅपटॉपांचा पडदा १३६६×७६८ असण्याची शक्यता आहे. तिथे ३२०×१८० चार पट बसतो आणि डावीउजवीकडे ४३-४३, वरखाली २४-२४ पिक्सेलची काळी पट्टी उरते. ती राहू द्या. पट्टी घालवायला चित्र ताणलं की सगळी मेहनत पाण्यात. त्याच लॅपटॉपवर ४८०×२७० फक्त दोन पट बसेल, म्हणजे ९६०×५४०, आणि भोवती जाडजूड चौकट.

फोनवर गेम नेणार असाल तर उंची धरून चला, रुंदी सोडा. २४००×१०८० च्या फोनवर १८० उंचीची सहा पट होते आणि रुंदी ४०० मिळते. १६००×७२० च्या फोनवर चार पट, रुंदी पुन्हा ४००. म्हणून पार्श्वभूमी ४०० रुंद काढा आणि महत्त्वाची बटणं मधल्या ३२० मध्ये ठेवा. कडेला कॅमेऱ्याचं भोक असतं.

पण तुमच्या गेमात माणसं मराठीत बोलतात, आणि इथे तयार इंग्रजी ट्युटोरियलं अपुरी पडतात. रोमन अक्षर ८ पिक्सेल उंचीत बसतं. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर वेलांटी, मात्रा नि रफार आहे, खाली उकार आणि जोडाक्षरांचा लोंबता भाग आहे. शिरोरेषेला १, अक्षराच्या अंगाला ७ ते ८, वर ४ आणि खाली ३ ते ४ असे धरले तर १६ पिक्सेल झालेच. त्याहून कमी केलं की 'झ', 'श' आणि 'ण' यांच्या पोटातली जागा भरून जाते. ओळींमधलं अंतर धरून एका ओळीला २० पिक्सेल. तीन ओळींच्या संवादपेटीला ६०, म्हणजे १८० च्या पडद्याचा तिसरा हिस्सा फक्त बोलण्यात गेला.

यावर आमचा सल्ला असा: गोडोतला पाया ६४०×३६० ठेवा, चित्रं मात्र १६ च्या टाइलनेच काढा आणि कॅमेऱ्याचं झूम २ ठेवा. जग ३२०×१८० एवढंच दिसेल. संवादपेटी वेगळ्या 'कॅनव्हास लेयर'वर ठेवलीत की तिच्यावर कॅमेऱ्याचा परिणाम होत नाही. तिथे तीच तीन ओळींची पेटी पडद्याचा फक्त सहावा हिस्सा घेते. अक्षरांचा पिक्सेल चित्राच्या पिक्सेलपेक्षा बारीक दिसेल. एका चित्रात दोन मापांचे पिक्सेल मिसळणं हा एरवी दोषच, मावळा जाड पिक्सेलचा नि त्याची ढाल बारीक पिक्सेलची असं कधी करू नका, पण वाचता येणाऱ्या मराठीसाठी एवढी सवलत घ्यावी. फाँट टीटीएफ प्रकारचा, जोडाक्षरांचे नियम आत असलेला हवा. अक्षरांची नुसती चित्रं कापून केलेल्या बिटमॅप फाँटला 'क्ष' किंवा 'र्य' जुळवता येत नाही. 'कार्य' लिहिलंत की मध्ये हलन्त 'र्' उघडा पडतो. फाँटच्या इम्पोर्टमध्ये अँटिअलायझिंग (अक्षरांच्या कडा मऊ करणं) बंद करायला विसरू नका.

गोडोच्या सेटिंग्ज एका दमात सांगून टाकतो. 'प्रोजेक्ट सेटिंग्ज'मध्ये 'डिस्प्ले', 'विंडो': व्ह्यूपोर्टची रुंदी ६४०, उंची ३६०, 'स्ट्रेच'चा मोड 'व्ह्यूपोर्ट', आस्पेक्ट लॅपटॉपसाठी 'कीप' आणि फोनसाठी 'एक्स्पांड', 'स्केल मोड' मध्ये 'इंटिजर', म्हणजे फक्त पूर्ण पट (हा पर्याय गोडो ४.२ पासून आहे). मग 'रेंडरिंग', 'टेक्स्चर्स' मध्ये 'डिफॉल्ट टेक्स्चर फिल्टर' 'निअरेस्ट' करा. मूळचा तो 'लिनिअर' असतो, आणि तुमचा मावळा धूसर होण्याचं अर्धं कारण हेच. उरलेलं अर्धं म्हणजे १००० पिक्सेलचं चित्र अपूर्णांकाच्या पटीत आक्रसून बसवणं.

टाइल १६×१६ घ्या. ८ आणि १६ हे आकडे जुन्या यंत्रांनी रुळवले. निन्टेन्डोच्या १९८९ च्या गेम बॉयचा पडदा १६०×१४४, म्हणजे ८ च्या टाइलने नेमका २०×१८. ती यंत्रं चित्र टाइलनेच मांडत, त्यामुळे भाग निःशेष जाणं तिथे सक्तीचं होतं. तुमच्यावर ती सक्ती नाही, पण एक खाच इथेही आहे: ३२० ला १६ ने भागलं की २०, मात्र १८० ला भागलं की ११ आणि बाकी ४. कॅमेरा वर-खाली फिरत असेल तर काही बिघडत नाही. एका जागी स्थिर असलेल्या चौकीच्या दृश्यात मात्र खालची टाइल पाऊण कापली जाते. उपाय सोपा आहे. टाइलच्या १० ओळी घ्या, त्या १६० पिक्सेल. वरचे २० पिक्सेल जीव, होन, किल्ल्या दाखवणाऱ्या पट्टीला द्या.

टाइलशीटचा कॅनव्हास २५०×२५० असा गोल आकडा धरून घेऊ नका. २५६×२५६ घ्या, त्यात १६ च्या बरोबर २५६ टाइल्स बसतात. एसप्राइटमध्ये दोन ग्रिड असतात हे लक्षात ठेवा. 'पिक्सेल ग्रिड' प्रत्येक पिक्सेलभोवती रेष काढते आणि भरपूर झूम केल्यावरच दिसते. नुसती 'ग्रिड' म्हणजे तुम्ही दिलेल्या मापाची चौकट. ती १६×१६ वर ठेवा. 'स्नॅप टू ग्रिड' टाइल उचलून ठेवताना चालू करा आणि चित्र काढताना बंद, नाहीतर चौकोन आणि निवड दर वेळी १६ च्या रेषेला जाऊन चिकटतात आणि तुम्ही सॉफ्टवेअरला दोष देत बसता. ग्रिड मध्येच सरकलेली दिसली तर तिचे एक्स, वाय तपासा. निवडीवरून ग्रिड करणाऱ्या पर्यायावर चुकून क्लिक झालं की ते बदलतात. ग्रिड एक्स्पोर्टमध्ये येत नाही, ती भीती नको.

गवत, दगड, भिंत अशा पसरणाऱ्या टाइल्स काढताना 'व्ह्यू'मधला 'टाइल्ड मोड' दोन्ही दिशांनी चालू ठेवा. तीच टाइल चहूबाजूंनी मांडलेली दिसते आणि जोड कुठे फुटतो ते तिथल्या तिथे कळतं. गवताचं एखादं ठसठशीत फूल टाइलमध्ये घातलं की पडद्यावर त्याचीच रांग लागते, हेही तिथेच दिसतं.

चालताना चमकणाऱ्या रेघांचा मात्र चित्राशी संबंध नाही. कॅमेरा अपूर्णांकाच्या जागी, समजा १०४.३७ वर, थांबला की इंजिन टाइलच्या कडेचा रंग शीटमधल्या शेजारच्या टाइलकडून किंवा रिकाम्या जागेतून उचलतं. 'रेंडरिंग', '२डी' मध्ये 'स्नॅप २डी ट्रान्सफॉर्म्स टू पिक्सेल' चालू करा. कॅमेऱ्याचं झूम १, २, ३ असंच ठेवा, १.५ नको. टाइलसेटमधला 'यूझ टेक्स्चर पॅडिंग' पर्याय चालू आहे ना, तेही बघा. तो प्रत्येक टाइलभोवती तिच्याच कडेच्या रंगाची एक पिक्सेलची झालर लावतो.

आता मावळा, आणि त्याची उडी. १६ च्या टाइलला १६ रुंद आणि २४ उंच माणूस शोभतो: पगडीला ५-६ पिक्सेल मिळतात आणि चेहरा अगदीच ठिपका होत नाही. पण कॅनव्हास १६×२४ घेऊ नका. दांडपट्टा फिरवताना हात आणि पातं बाहेर जाणार, आणि त्या एका फ्रेमसाठी (हालचालीतल्या एका चित्रासाठी) कॅनव्हास वाढवला की मावळा सरकलाच म्हणून समजा. सुरुवातीपासून सगळ्या हालचालींना एकच ६४×४८ घ्या. रिकामी जागा वाया जाते असं वाटेल, तर हिशोब करा: ६४ गुणिले ४८ गुणिले ४ बाइट, एका फ्रेमला १२,२८८ बाइट. चाळीस फ्रेम्सना ४८० केबी. आजच्या साध्यातल्या साध्या फोनला हे ओझं नाही.

पावलं तळापासून ८ पिक्सेल वर, नेहमी त्याच ओळीवर ठेवा. उभी मध्यरेषा ३२ व्या आणि ३३ व्या स्तंभाच्या मध्ये येते, तिथे शरीराचा तोल यायला हवा. इंजिन पात्र वळवतं ते याच रेषेभोवती आरसा धरून. शरीर १५ पिक्सेल रुंद असेल तर त्याचा मध्य एका स्तंभावर येतो, कॅनव्हासचा मध्य दोन स्तंभांच्या फटीत. दोन्ही कधीच जुळत नाहीत, आणि वळताना एक पिक्सेलची उडी बसते. तुमच्या चित्रात नेमकं हेच होत असणार. म्हणून शरीराची रुंदी सम ठेवा. कपाळावरचं गंध मधोमध हवं तर ते दोन पिक्सेलचं करा.

विषम कॅनव्हास, समजा ३३ चा, घेतला तर आरशाची अडचण मिटते पण दुसरी उभी राहते: गोडो स्प्राइट, म्हणजे पात्राचं चित्र, मध्यावर धरतं, ३३ चा मध्य १६.५, आणि सगळं चित्र अर्ध्या पिक्सेलवर जाऊन बसतं. तपासायची युक्ती सोपी आहे. उभ्या मावळ्याच्या फ्रेमची आणखी एक प्रत काढा, दुसरी आडवी उलटा (शिफ्ट आणि एच), आणि दोन फ्रेम्स आलटूनपालटून चालवा. डोकं जागेवर राहिलं पाहिजे, फक्त ढाल-तलवारीची बाजू बदलली पाहिजे.

आधीच काढलेली फ्रेम लहान कॅनव्हासवर असेल तर 'कॅनव्हास साइझ'मध्ये डावीउजवीकडे सारखेच पिक्सेल वाढवा. १६ चे ६४ करताना दोन्हीकडे २४. वरखाली मात्र सारखे नाही, तळाला ८ आणि बाकीचे सगळे वर.

वाड्यासाठी तिरकी ग्रिड

तिरक्या दृश्याला सगळे आयसोमेट्रिक म्हणतात, पण पिक्सेलवाले खरं आयसोमेट्रिक वापरत नाहीत. खऱ्यात रेष ३० अंशांवर जाते. पिक्सेलमध्ये ती रेष दर पायरीला १.७३ पिक्सेल पुढे जायला बघते, म्हणून पायऱ्या २, २, १, २, २, २, १ अशा अडखळत पडतात आणि कड दातेरी होते. त्याऐवजी दोन पुढे, एक खाली अशी रेष धरतात. तिचा कोन २६.५७ अंश, पायऱ्या सगळ्या सारख्या. म्हणून टाइल रुंदीच्या निम्मी उंच: ३२×१६.

चौकोनी टाइल ४५ अंशांत फिरवून दाबून बसवण्याचा शॉर्टकट घेऊ नका, कडा चिंध्या होतात. टाइलचा शंकरपाळ्यासारखा आकार हातानेच काढा, आणि मोजून. वरून खाली ओळींची रुंदी २, ६, १०, १४, १८, २२, २६, ३० आणि तिथून उलट ३०, २६, खाली २ पर्यंत. अशा १६ ओळी. सगळे पिक्सेल मिळून २५६ व्हायला हवेत, कारण ३२×१६ च्या जागेत शेजारच्यांच्या वाट्याचा अर्धा भाग असतो. नेहमीची चूक अशी की लोक ४, ८, १२ करत ३२ पर्यंत जातात आणि ३२ ची ओळ दोनदा काढून परत येतात. त्याचे पिक्सेल २८८ होतात. ते जादा ३२ शेजारच्या टाइलवर चढतात आणि अंगणाच्या फरशीत प्रत्येक जोडावर दुहेरी रेघ उमटते. ४, ८, १२ चीच आवड असेल तर ३२ ची ओळ एकदाच काढा आणि सोळावी ओळ रिकामी सोडा. तेही २५६ होतात आणि बिनचूक जुळतात. दोन्ही पद्धती एका शीटमध्ये मिसळू नका एवढंच.

भिंतीच्या उभ्या कडा सरळ उभ्याच राहतात. १६ उंचीची भिंत असलेला ठोकळा ३२×३२ च्या कॅनव्हासवर मावतो. गोडोच्या टाइलसेटमध्ये 'टाइल शेप' आयसोमेट्रिक, 'टाइल साइझ' ३२×१६, पण शीटमधल्या तुकड्याचं माप ३२×३२ द्या. इंजिन तुकड्याचा मध्य ग्रिडच्या घराच्या मध्यावर ठेवतं, त्यामुळे ठोकळा ८ पिक्सेल खाली बुडालेला दिसतो. 'टेक्स्चर ओरिजिन'च्या वायमध्ये ८ लिहिलं की तो वर येऊन बसतो. मावळा भिंतीमागून जाताना भिंतीवर दिसायला लागला तर 'वाय सॉर्ट' चालू करायचा राहिलाय.

एसप्राइटची चौकोनी ग्रिड इथे अर्धंच काम करते. ती ३२×१६ वर ठेवा आणि सगळ्यात वर एक लेयर घेऊन त्यात २:१ च्या तिरक्या रेषा आखा, पारदर्शकता वाढवा, लेयरला कुलूप घाला. एक्स्पोर्ट करताना तो लपवायचा. पिक्सेलोरामा या चित्रं काढायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आयसोमेट्रिक ग्रिड तयारच मिळते.

षटकोन, म्हणजे मधल्या ठिपक्यांची रांगोळी

षटकोनी ग्रिड घरी पाहिलेली असते, फक्त नाव वेगळं. रांगोळीच्या पुस्तकात '१५ ते ८, मधले ठिपके' लिहिलेलं असतं: मधली ओळ १५ ठिपक्यांची, वरखाली प्रत्येक ओळीत एक कमी, आणि ठिपका वरच्या दोघांच्या मध्ये. ते १६९ ठिपके म्हणजे ८ ची बाजू असलेला षटकोन, आणि आतल्या प्रत्येक ठिपक्याला शेजारी सहा. '१५ ठिपके १५ ओळी'च्या सरळ रांगोळीत प्रत्येकाला चार. तुमचा नकाशा या पहिल्या रांगोळीसारखा मांडायचा आहे.

मापात एक निवड करावी लागते. भूमितीतला खरा षटकोन, टोक वर असलेला, ३२ उंच असेल तर २७.७ रुंद होतो. २८ केला तरी तिरकी कड १४ आडवी आणि ८ उभी येते, म्हणजे पायऱ्या पुन्हा १, २, २, २ अशा वेड्यावाकड्या. त्यापेक्षा षटकोन किंचित फुगीर करा: ३२×३२. कड १६ आडवी, ८ उभी, तीच वाड्यातली दोनास एक रेष. वरच्या ८ ओळी २, ६, १० पासून ३० पर्यंत. मधल्या १६ ओळी पूर्ण ३२. खालच्या ८ उलट. एकूण ७६८ पिक्सेल. ओळीओळींत अंतर २४, आणि दर दुसरी ओळ १६ ने सरकलेली. ३२ ला २४ ने गुणलं की ७६८ येतात, म्हणजे कुठे फट नाही आणि कुठे चढ नाही. भूमितीच्या शिक्षकांना हा षटकोन खटकेल, खेळणाऱ्याला कळणारही नाही.

रुंदी विषम ठेवलीत तर अर्धी सरक अर्ध्या पिक्सेलवर जाते आणि एक आड एक ओळ थरथरते. सपाट बाजू वर असलेला षटकोन हवा असेल तर हेच माप ९० अंशांत फिरवून घ्या. मग सरक ओळींऐवजी स्तंभांत होते. गडांच्या नकाशाला टोक वर असलेलाच बरा, कारण गडाचं नाव लिहायला मधली ३२ रुंदीची पट्टी मिळते.

नकाशा टाइल्ड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मांडणार असाल तर प्रकार 'हेक्सागोनल', टाइल ३२×३२, 'टाइल साइड लेंग्थ' १६, 'स्टॅगर अ‍ॅक्सिस' वाय, 'स्टॅगर इंडेक्स' ऑड. ही बाजूची लांबी शून्य राहिली तर ओळी एकमेकींवर चढतात. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. आणि ऑड-इव्हनची निवड गोडोतल्या मांडणीशी ताडून बघा. एकीकडे पहिली ओळ सरकलेली आणि दुसरीकडे दुसरी, असं झालं तर नकाशा दिसायला ठीक दिसतो पण मावळा शेजारच्या गडावर जायला निघतो आणि पोचतो तिसऱ्याच.

चित्रं बाहेर काढताना फाइल पीएनजी. जेपेग सपाट रंगांच्या कडेला डाग पाडतो आणि ते नंतर पुसता येत नाहीत. गेमसाठी १०० टक्क्यांवरच एक्स्पोर्ट करा, मोठं करायचं काम इंजिनचं. मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलेली १६ ची टाइल परत गेममध्ये घालण्याच्या लायकीची राहत नाही. इन्स्टाग्रामवर दाखवायला १८०×१८० चं चित्र ६०० टक्क्यांनी १०८०×१०८० करा. २५०, ३५० टक्के नकोत. पोस्टर छापायचं झालं तरी तीच रीत: ३२ चं चित्र ३०० डीपीआयवर १० सेंटीमीटर हवं असेल तर ३६ पट करा, ११५२ पिक्सेल होतात, आणि कागदावर पावणेदहा सेंटीमीटर मिळतात. उरलेल्या पाव सेंटीमीटरसाठी चित्र ताणू नका, पांढरी कड सोडा.

मैत्रिणीच्या लॅपटॉपवर एसप्राइट नसेल तर विकत घ्यायलाच हवं असं नाही. त्याच्या जुन्या खुल्या आवृत्तीतून निघालेलं लिब्रेस्प्राइट मोफत आहे, मेन्यूही जवळपास तेच, फक्त टाइलमॅप लेयर नाही. पिक्सेलोरामा मोफत आहे आणि गोडोवरच बांधलेलं आहे. कुठलंही घ्या, पण चाळीस टाइल्स काढून मग गेममध्ये टाकू नका. एक गवताची टाइल, एक दगडाची, आणि नुसता उभा मावळा, डोळे-मिशांशिवाय, एवढं आजच गोडोत लावा. कॉलेजातल्या १३६६ च्या लॅपटॉपवर एकदा आणि फोनवर एकदा चालवून बघा, मगच मिशा काढायला बसा.